वाचकांचे प्रश्न : फाजील आत्मविश्वासाचे पात्र

रोलप्लेइंग गेममध्ये स्वतःच्या कुवतीचा अंदाज चुकलेले पात्र कसे वठवावे, याविषयी या महिन्यात इतकी पत्रे आली की, इतर प्रश्न पुढच्या अंकासाठी राखून हा स्तंभ त्या एका विषयालाच दिला आहे. हे खेळ ज्यांनी खेळलेले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचे, तर गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या, १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’पासून हा प्रकार रूढ झाला. प्रत्येक खेळाडू एकेक पात्र घेऊन त्याच्या वतीने बोलतो व निर्णय घेतो, गेम मास्टर बाकीचे सगळे जग सांभाळतो, आणि एखाद्या कृतीचा निकाल अनिश्चित असेल तेथे फासे टाकले जातात. पात्राची बलस्थाने आणि उणिवा कॅरेक्टर शीटवर आकड्यांत लिहिलेल्या असतात. त्यामुळे पात्र स्वतःला काहीही समजत असो, खरी परिस्थिती खेळाडूच्या डोळ्यांसमोर कागदावर असते, आणि आजचे बहुतेक प्रश्न या तफावतीतूनच निघालेले आहेत.

प्रश्न : माझे पात्र एक भटका योद्धा आहे. आपल्या बोलण्याने कोणालाही वळवता येते, अशी त्याची ठाम समजूत आहे. प्रत्यक्षात डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या शीटवर त्याचा करिष्मा, म्हणजे इतरांवर छाप पाडण्याचा गुण, केवळ ८ आहे. फासा वाईट पडला की तो निव्वळ विदूषक ठरतो आणि चांगला पडला की त्याचा दावा खराच होऊन बसतो. दोन्हींत मला हवे असलेले पात्र हाती लागत नाही. काय करावे?

तुम्ही फाशावर त्याचे नसलेले काम सोपवले आहे, असे मला वाटते. कृती साधली की फसली, एवढेच फासा सांगतो; ती करणाऱ्याला स्वतःविषयी काय वाटत होते, याच्याशी त्याला देणेघेणे नसते. पात्राचा फाजील आत्मविश्वास दिसतो तो फासा हातात घेण्यापूर्वी आणि तो पडून गेल्यानंतर. पात्र कोणते काम अंगावर घेते, कोणती तयारी अनावश्यक ठरवते आणि कोणाची मदत नाकारते, हे आधी दिसते. जे घडले त्याचा अर्थ ते स्वतःपुरता कसा लावून घेते, हे नंतर दिसते. ही दोन्ही ठिकाणे सर्वस्वी तुमच्या ताब्यात आहेत.

आता तुमचे आकडे पाहू. करिष्मा ८ असेल तर त्याच्या प्रत्येक चाचणीत वीस बाजूंच्या फाशावर पडलेल्या आकड्यातून १ वजा होतो. या खेळाच्या पाचव्या आवृत्तीत सोप्या कामाला १०, मध्यम कामाला १५ आणि कठीण कामाला २० गाठावे लागतात. म्हणजे सोप्या कामात तुमचा योद्धा निम्म्या वेळा यशस्वी होईल. मध्यम कामात त्याला १६ किंवा त्याहून अधिक पडायला हवेत, ती शक्यता २५ टक्के. आणि कठीण कामात फाशावर २० आले तरी बेरीज १९ होऊन तो हरेलच, कारण २०१४ च्या नियमांत २० पडताच आपोआप यश मिळण्याची सवलत हल्ल्याच्या फाशाला आहे, कौशल्याच्या चाचणीला नाही. हेच आकडे योद्ध्याच्या बाजूने वाचून पाहा. सोप्या संभाषणात तो दोनदा बोलला की एकदा जिंकतो आणि मध्यम अडचणीत चारांतून एकदा. चारांतून एकदा जिंकणारा माणूस आपल्या भ्रमात सुखाने जन्म काढू शकतो. उरलेल्या तीन वेळांचा समाधानकारक खुलासा मात्र त्याच्यापाशी हवा. तो खुलासा त्याला देणे हे तुमचे खरे काम आहे.

एक प्रसंग घेऊन पाहू. रात्रीची वेळ आहे, शहराचा दरवाजा बंद झाला आहे आणि पहारेकरी आत सोडायला तयार नाही. तुमच्या टोळीतल्या चोराने या क्षणासाठीच एक बनावट परवाना करून ठेवला आहे आणि तो पिशवीत हात घालतो आहे. तुमचा योद्धा त्याचा हात हळूच बाजूला करतो आणि म्हणतो, “कागद कशाला? शिपायाशी शिपायासारखं बोललं की झालं.” पात्र येथेच पूर्ण दिसून चुकले, फासा अजून टाकायचा आहे. समजा, ७ पडले, १ वजा होऊन ६ झाले आणि पहारेकऱ्याने वरच्या अधिकाऱ्याला हाक मारली. या ठिकाणी कपाळावर हात मारून घेतला की टेबलावर हशा पिकतो आणि पात्र विदूषक होते. त्याऐवजी योद्ध्याने चोराच्या कानाशी लागून, अगदी गंभीरपणे म्हणावे, “पाहिलंस? तो तयार झाला होता, पण त्याच्या अधिकारातली गोष्ट नव्हती. म्हणून तर वरच्याला बोलावतोय. आता वरच्याशी बोलतो.” या बोलण्यात मूर्खपणा नाही. घडलेल्या गोष्टीचा तो एक शक्य अर्थ आहे, फक्त चुकीचा आहे, आणि त्यातून पुढची, आणखी अवघड उडी आपोआप निघते.

आता उलट समजा. फाशावर १८ आले आणि पहारेकऱ्याने दरवाजा उघडला. तुमच्या मते येथे पात्राचा दावा खरा ठरला. माझ्या मते येथे त्याची खोड बळावली. पुढच्या शहराच्या वेशीवर तो चोराला परवाना करायलाच सांगणार नाही, दोन दिवसांचे ते काम वाचले म्हणून सर्वांना लवकर निघायला लावील, आणि तेथे पहारेकरी अधिक सावध असेल. फासा चांगला पडण्याची भीती बाळगू नका. अशा पात्राचे नुकसान अपयशाने होते त्याहून अधिक, भलत्या वेळी मिळालेल्या यशाने होते.

एक गोष्ट खेळ सुरू होण्यापूर्वीच पक्की करा, ती म्हणजे ही समजूत त्याच्या मनात आली कोठून. ‘तो गर्विष्ठ आहे’ एवढ्याने भागत नाही. समजा, तो पूर्वी सैन्यात तुकडीचा नायक होता आणि त्याने काही सांगितले की माणसे तत्काळ हलत. ती हलत त्याच्या हुद्द्यामुळे. त्याला मात्र ते आपल्या वाणीचे सामर्थ्य वाटले. आता हुद्दा गेला आहे आणि वाणीवरचा विश्वास उरला आहे. अशा पात्राकडे खरा पुरावा आहे, फक्त त्याने तो चुकीचा वाचला आहे, आणि म्हणून त्याचे म्हणणे ऐकताना इतरांना क्षणभर ते पटूही शकते. आवाज चढवणे, छाती पुढे काढणे, मिशीला पीळ भरणे हा साजशृंगार मला व्यक्तिशः फारसा आवडत नाही. त्यातली गंमत पहिल्या दहा मिनिटांत संपते आणि बैठक पुढे तीन-चार तास चालायची असते.

प्रश्न : मी स्वभावाने अबोल आहे. टेबलावर बढाया मारणे मला जमणार नाही. मग असे पात्र मी घेऊच नये का?

अवश्य घ्या. बढाई आणि चुकलेला अंदाज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बढाई मारणाऱ्याला पुष्कळदा आपली किंमत चांगली ठाऊक असते, आणि म्हणूनच त्याचा खळखळाट चालू असतो. ज्याची खरोखरच खात्री झालेली आहे त्याला काही सिद्ध करून दाखवावेसेच वाटत नाही. जखम शिवताना दुसऱ्या कोणाला दिवा धरायलाही न सांगणारी वैद्या, परतीच्या वाटेवर खुणा न करणारा वाटाड्या, पहाऱ्याच्या वेळी संशयास्पद आवाज आला तरी कोणाला न उठवता एकटीच पाहायला जाणारी मांत्रिक ही सगळी अबोल पात्रे आहेत आणि ती न केलेल्या गोष्टींतून दिसतात. अडचण एवढीच की, न केलेली गोष्ट टेबलावर कोणाच्या लक्षात येत नाही. म्हणून ती तुम्ही खेळाडू म्हणून उच्चारली पाहिजे. “ती कड्यावर चढू लागते, दोर खाली पिशवीतच आहे” एवढे एक वाक्य साध्या आवाजात सांगितले की बाकीचे आपोआप सावरून बसतात.

प्रश्न : आमच्या गटातील एकाचे पात्र स्वतःला अजिंक्य समजते. आम्ही माघारीचा विचार करत असलो की हे पुढे उडी घेते, आणि त्याला वाचवण्यासाठी बाकीच्यांना मरणाच्या दारात जावे लागते. बोलायला गेले की तो म्हणतो, “माझे पात्रच तसे आहे.” यावर काय उत्तर द्यावे?

पात्र तसे आहे हे खरे, पण ते तसे घडवले त्यानेच आणि त्या क्षणी त्याच्याकडून उडी मारून घेतलीही त्यानेच. फाजील आत्मविश्वास दाखवण्याच्या शंभर रीती असताना, ज्या रीतीचा भुर्दंड नेमका इतरांना पडतो तीच दर वेळी निवडणे हा पात्राचा स्वभाव नसून खेळाडूची निवड आहे, आणि तिची जबाबदारी त्यालाच घ्यावी लागेल. हे त्याला पात्राच्या तोंडून खेळात सुनावू नका. बैठक थांबवून, माणसाने माणसाशी बोलावे तसे बोला. खेळातल्या भांडणाने खेळाबाहेरची तक्रार मिटत नाही, उलट दोन्हींची सरमिसळ होते.

त्याच्यापुढे ठेवण्यासारख्या काही सूचना आहेत. पहिली अशी की, चुकीचा पहिला फटका त्याच्याच पात्राला बसावा. पुढे जायचे असेल तर त्याने जावे, पण जाताना खेळाडू म्हणून स्पष्ट सांगावे की, “तुम्ही थांबलात तरी माझी काही हरकत नाही, तो मेला तर मी दुसरे पात्र करीन.” हे एक वाक्य बाकीच्यांच्या मानेवरचे जोखड उतरवते, आणि मग गंमत अशी होते की पुष्कळदा ते स्वखुशीने मदतीला धावतात. दुसरी सूचना थोडी कमी रुचेल, पण उपयोगाची आहे : अजिंक्यपणाचा भ्रम लढाईतून काढून, जेथे चुकल्याने कोणी मरत नाही अशा क्षेत्रात न्यावा. जुनी लिपी वाचता येते, दिशा कधी चुकत नाही, घोडा पाहताच त्याची पारख होते, असले भ्रम टोळीला आडवाटेला नेतात, पैशाला खड्डा पाडतात, चुकीच्या देवळात पोहोचवतात, आणि त्यातून कथा मरत नाही, वाढते.

शिवाय पात्राला आवरण्याची सोय इतरांच्या हातात असावी. कोणी दंड धरून मागे ओढले तर त्याने ओढले जावे, आणि पुढचा तासभर “माझ्या हातचा विजय घालवलात” म्हणून कुरकुरत राहावे. ही कुरकुर म्हणजेच उत्तम अभिनय आहे. उडी मारलीच पाहिजे असे नाही.

येथे ‘ब्लेड्स इन द डार्क’ या २०१७ च्या खेळातील एक पद्धत सांगण्यासारखी आहे. त्यात फासे टाकण्यापूर्वी कृतीची परिस्थिती तीनपैकी कोणती, म्हणजे आटोक्यातली, जोखमीची की निकराची, हे गेम मास्टर उघडपणे सांगतो, आणि निकराच्या परिस्थितीत फासे टाकणाऱ्याला निकाल काहीही लागला तरी अनुभवाची, म्हणजे पात्राच्या प्रगतीची, एक खूण मिळते. अशा पात्राच्या दृष्टीने ही सोय फार मोलाची आहे, कारण ‘निकराची’ हा शब्द खेळाडू ऐकतो, सगळे टेबल ऐकते, फक्त पात्र ऐकत नाही. तुमच्या खेळात हा नियम नसला तरी उडी घेण्यापूर्वी त्या खेळाडूने गेम मास्टरला मोठ्याने विचारावे, “हे खरोखर किती अवघड आहे?” उत्तर ऐकून मग त्याने पात्राला पुढे जाऊ द्यावे. जे चालले आहे ते त्याला समजून-उमजून चालले आहे, याची खात्री पटली की बाकीच्यांचा निम्मा राग ओसरतो. उरलेला राग ओसरला नाही, तर मात्र त्या पात्राने टोळी सोडावी, हेच बरे.

प्रश्न : मी गर्प्स या पद्धतीचा खेळ चालवते. एका खेळाडूने फाजील आत्मविश्वास हा दोष घेऊन त्याचे गुण पदरात पाडून घेतले आणि आता तो सर्वांपेक्षा जपून खेळतो. त्याला शिक्षा करावी का?

शिक्षेपूर्वी त्याच्या शीटवरचा आकडा पाहा. गर्प्सच्या चौथ्या आवृत्तीत या दोषाचे मूळ मोल उणे ५ गुण आहे, म्हणजे तो घेणाऱ्याला इतरत्र खर्चायला ५ गुण मिळतात. आणि त्यासोबत आत्मसंयमाचा एक आकडा ठरवावा लागतो. तो १२ असेल तर सहा बाजूंच्या तीन फाशांची बेरीज १२ किंवा त्याहून कमी आल्यास पात्र स्वतःला आवरू शकते, आणि ही शक्यता जवळजवळ ७४ टक्के आहे. म्हणजे त्याचा दोष सुमारे चारांतून एकदाच त्याच्यावर स्वार होतो, तेव्हा बाकीच्या वेळी तो जपून वागला तर नियमाविरुद्ध काही झाले असे म्हणता येणार नाही. त्याने ६ हा आकडा घेतला असेल तर गोष्ट निराळी; तेथे गुण दुप्पट, म्हणजे १० मिळतात आणि स्वतःला आवरण्याची शक्यता ९ टक्क्यांच्या आसपास उरते. असे असून तो जपून खेळत असेल, तर तुमची तक्रार रास्त आहे.

तरीही चूक सर्वस्वी त्याची नाही. पात्र अवाजवी सावधगिरी दाखवत आहे असे गेम मास्टरला वाटेल तेव्हा आत्मसंयमाचे फासे टाकायचे, असा हा नियम आहे. म्हणजे क्षण ओळखून फासे मागण्याचे काम तुमचे. माघारीची भाषा निघाली, कुमक येईपर्यंत थांबू या असे ठरू लागले, आधी कोणाला तरी टेहळणीला पाठवू या असे तोच सुचवू लागला की फासे मागा. प्रत्येक दारापाशी मात्र मागू नका, त्याने खेळ रखडतो.

त्याच नियमात आणखी एक तरतूद आहे, ती बहुतेक गेम मास्टर विसरतात. तरुण किंवा भोळ्या माणसांची अशा पात्राविषयीची प्रतिक्रिया २ ने सुधारते, कारण त्यांना त्याचा दावा खरा वाटतो. आणि अनुभवी माणसांची २ ने बिघडते. लढाई न होता दोष जिवंत ठेवायला एवढे पुरे आहे. गावातली चार पोरे घरदार सोडून त्याच्या मागे यायला निघतील आणि त्यांच्या आयांना तोंड देणे त्याच्या नशिबी येईल. उलट जुना सेनापती सगळ्यांना कामे वाटून देईल आणि याच्यापाशी आला की नजर वळवील. खेळाडू कितीही जपून खेळला तरी भोवतालचे जग त्याच्या पात्राला ओळखून आहे, हे त्याला दिसेल.

एवढ्यानेही तो बधला नाही, तर बक्षिसाचा मार्ग पाहा. ‘फेट’ या पद्धतीत पात्राचा दोष त्याला अडचणीत आणणार असेल तेव्हा गेम मास्टर खेळाडूपुढे एक फेट पॉइंट, म्हणजे पुढे स्वतःच्या फायद्यासाठी खर्चता येणारा गुण, ठेवतो. अडचण स्वीकारली तर तो मिळतो आणि नाकारायची असेल तर आपल्याजवळचा एक द्यावा लागतो. ग्रेग स्टॅफर्ड यांच्या १९८५ च्या ‘पेंड्रॅगन’मध्ये आणखी वेगळी युक्ती आहे : नम्रता आणि गर्व ही एकच जोडी मानून दोन्हींची बेरीज नेहमी २० ठेवलेली असते, त्यामुळे एक वाढले की दुसरे घटलेच. माझा कल फेटच्या बाजूचा आहे. दंडाच्या धाकाने खेळाडू नियमांतल्या पळवाटा शोधू लागतो. तोच माणूस हातात काही पडणार असेल तर आपण होऊन खड्ड्यात उतरतो.

प्रश्न : ज्याला काही येत नाही त्यालाच आपण सर्वज्ञ आहोत असे वाटते, असा मानसशास्त्राचा सिद्धान्त आहे ना? मग अशा पात्राची बुद्धिमत्ता कमीच ठेवायला हवी का?

तुम्हाला डेव्हिड डनिंग आणि जस्टिन क्रुगर यांचा १९९९ चा अभ्यास अभिप्रेत असावा. विनोदाची जाण, तर्क आणि व्याकरण यांच्या चाचण्या घेऊन त्यांनी लोकांना आपापल्या स्थानाचा अंदाज विचारला. सर्वांत खालच्या चतुर्थांशातील मंडळी क्रमवारीत सरासरी १२ व्या शततमकावर, म्हणजे शंभरांतल्या जेमतेम १२ जणांच्या पुढे, होती आणि आपण ६२ व्यावर असू असे त्यांना वाटत होते. यातली काही तफावत आकडेमोडीच्या पद्धतीतूनच निर्माण होते, असा आक्षेप पुढे काही संशोधकांनी घेतला आहे, तेव्हा या अभ्यासावर फार मोठा इमला रचू नये. पण पात्र वठवणाऱ्याने ६२ या आकड्याकडे अवश्य पाहावे. त्या लोकांनी ‘मी सर्वश्रेष्ठ’ असे म्हटले नव्हते. ‘चारचौघांपेक्षा थोडा बरा’ एवढेच त्यांचे म्हणणे होते. टेबलावर हा सूर लावून पाहा. “माझ्यासारखा तिरंदाज पृथ्वीवर नाही” म्हणणाऱ्याला कोणी गांभीर्याने घेत नाही. “एवढं मला जमतं हो, द्या इकडे” म्हणणाऱ्याच्या हाती लोक धनुष्य देऊन बसतात.

कमी बुद्धीची अट तर मुळीच नको. ओला स्वेन्सन यांच्या १९८१ च्या पाहणीत अमेरिकेतील सहभागींपैकी ९३ टक्क्यांनी आपले वाहन चालवण्याचे कौशल्य मधल्या पातळीच्या वर असल्याचे सांगितले होते, आणि ती सगळी माणसे काही मंदबुद्धी नव्हती. बुद्धिमत्ता १८ असलेला मांत्रिक घ्या. ग्रंथ त्याला खरोखर कळतात, आणि म्हणूनच माणसेही कळतात असे त्याने गृहीत धरले आहे. डन्जन्स अँड ड्रॅगन्समध्ये समोरच्याचा हेतू ओळखण्याचे कौशल्य बुद्धिमत्तेवर नव्हे, तर विज्डम (शहाणपण) या वेगळ्या गुणावर अवलंबून असते. तेथे त्याला ८ द्या. एका क्षेत्रातील खरी हुशारी शेजारच्या क्षेत्रात पाय पसरते, तेव्हाचा भ्रम सर्वांत चिवट असतो, आणि मला तोच खेळायला सर्वांत जास्त आवडतो.

प्रश्न : पात्राचे डोळे कधीतरी उघडायला हवेत का? उघडले तर कथेतला रस संपतो आणि न उघडले तर तेच ते होते.

डोळे उघडल्यावर रस संपतो असे वाटत असेल, तर महाभारताच्या विराटपर्वातला राजपुत्र उत्तर आठवा. तो प्रसंग आपण लहानपणापासून ‘उत्तराच्या बढाया’ म्हणून हसण्यावारी नेला आहे. खेळाडूच्या नजरेने वाचला तर त्याची रचना किती बारकाईने केलेली आहे ते कळते. राजा दुसऱ्या आघाडीवर गेलेला असताना कौरव गायी वळवून नेतात, आणि राजपुत्र अंतःपुरातल्या स्त्रियांपुढे सांगतो की, योग्य सारथी असता तर मी एकटाच त्यांना पुरून उरलो असतो. यात त्याने दावाही केला आहे आणि तो न पाळण्याची सबबही आधीच करून ठेवली आहे. सबब इतकी सोयीची असते की ती कोणीतरी काढून घेतलीच पाहिजे, आणि सैरंध्री, म्हणजे वेषांतरातली द्रौपदी, बृहन्नडेचे, म्हणजे वेषांतरातल्या अर्जुनाचे, नाव सुचवून ती काढून घेते. पुढे प्रत्यक्ष सेना दिसताच त्याच्या अंगावर काटा उभा राहतो, तो रथातून उडी टाकून पळतो, आणि पकडल्यावर सोडून देण्यासाठी सोने-रत्ने देऊ करतो.

कच्चा लेखक येथेच थांबला असता. महाभारतात मात्र अर्जुन त्याला घरी पाठवत नाही. तो त्याच्या हाती लगाम देतो. ज्या सारथ्याच्या अभावाचे निमित्त उत्तराने केले होते, तो सारथी आता त्यालाच व्हावे लागते. शमीच्या झाडावरून शस्त्रे काढून आणणे, रथ हाकणे ही कामे तो करतो आणि ती त्याला जमतात. त्यानंतर पिता विराट मुलाच्या पराक्रमाचे गोडवे गात असताना, लढाई आपण जिंकलेली नाही, असे तोच सांगतो. ज्याच्या तोंडी कालपर्यंत बढाया होत्या त्याच्याकडे आता आयते श्रेय चालून येते आणि तो ते नाकारतो. त्याच वेळी भ्रमाची जागा रिकामीही राहत नाही. ती पित्याने घेतलेली असते, इतकी की बृहन्नडेची स्तुती करणाऱ्या कंकाच्या, म्हणजे वेषांतरातल्या युधिष्ठिराच्या, तोंडावर तो फासा फेकून मारतो.

यातून तुमच्या प्रश्नापुरते एवढे घेता येईल की, डोळे उघडताना पात्राच्या हाती दुसरे काही तरी काम पडले पाहिजे, आणि ते काम त्याच्या खऱ्या कुवतीतले हवे. तुमचे पात्र स्वतःला सेनापती समजत असेल आणि भ्रम फुटल्यावर त्याला नुसते खजील करून बसवले, तर रस संपणारच. पण त्या पराभवात घोडदळाची रसद त्याने उत्तम सांभाळली होती, हे कोणीतरी दाखवून दिले, तर खेळायला नवे पात्र मिळते. आणि भ्रम पूर्ण फुटलाच पाहिजे असेही नाही. माणसे बहुधा एका वेळी एकाच गोष्टीविषयी शहाणी होतात. वाद घालून कोणाला वळवता येत नाही हे कळलेला पहिल्या प्रश्नातला योद्धा उद्यापासून, माणसे मुकाट राहूनच जिंकता येतात आणि त्या कलेत आपला हात कोणी धरणार नाही, असे मानू लागला तर मला ते अगदी पटेल.

प्रश्न : गेम मास्टर म्हणून मी अशा पात्राला मुद्दाम पुनःपुन्हा तोंडघशी पाडावे का?

नाही. कठीणपणाचा आकडा त्याच्यासाठी वाढवू नका आणि कमीही करू नका. शीटवरचे आकडे त्यांचे काम करतीलच. तुम्ही त्याला संधी द्याव्यात, शिक्षा देऊ नयेत. दर वेळी आपटणारे पात्र पाहून इतरांना त्याची कीव येते किंवा कंटाळा येतो, आणि खेळाडू दोन बैठकांतच ते पात्र शहाणे करून टाकतो.

प्रश्न : पुढच्या आठवड्यात एकाच बैठकीत संपणारा खेळ आहे. एवढ्या वेळात असे पात्र उभे राहील का?

राहील, फक्त पहिल्या प्रसंगापासून सुरुवात करा. अगदी सोप्या कामात कोणीतरी देऊ केलेली मदत नाकारा आणि ते काम करून दाखवा, म्हणजे भ्रमाला आधार मिळेल. गेम मास्टरला आधीच सांगून ठेवा की, शेवटाकडे याच कौशल्याचे, पण पेलणार नाही असे एखादे काम समोर येऊ द्यावे. मधल्या वेळात त्याचा एकच खुलासा पक्का धरा. यश आले तरी तोच आणि अपयश आले तरी तोच. तो दोन-तीनदा ऐकल्यावर टेबलावरची इतर मंडळी तुमच्या आधी तो बोलून दाखवू लागतील, आणि तसे झाले की त्या शेवटच्या कामात काय होईल याची काळजी तुम्हाला करावी लागणार नाही.